उचललेला मजकूर, न पाहिलेली जागा

9 जानेवारी 2021 रोजी रात्री दीड-दोनच्या सुमारास भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशू दक्षता कक्षाला आग लागली. कक्षात 17 बाळे होती. 7 बाहेर काढता आली, 10 दगावली. बहुतेक धुरात गुदमरून. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, निलंबने झाली, राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. वायरिंग, उपकरणे, फायर एनओसी यांवर पुष्कळ बोलले गेले. त्या मानाने एक प्रश्न मागेच पडला. अशा कक्षात रात्रपाळीला असलेल्या सिस्टरने आग लागल्यावर नेमके काय करायचे, हे शिकवणारा मजकूर लिहितो कोण? तो कुठून आणतो? आणि लिहिण्याआधी तो कक्ष एकदा तरी पाहतो का?

भंडाऱ्याची आग उचललेल्या प्रशिक्षणामुळे लागली असे मला म्हणायचे नाही. ती विजेच्या बिघाडातून लागली. पण त्या घटनेने कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाकडे पाहायची जी नजर दिली, तिने पाहिले तर आपल्या रुग्णालयांत, कारखान्यांत आणि सरकारी कार्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या मजकुराची अवस्था चिंता करण्यासारखी दिसते. त्यातला बराचसा दुसऱ्याचा आहे. दुसऱ्याचा असण्यात एरवी बिघडत काही नाही. बिघडते ते तो कुणाचा हे पुसून टाकल्यामुळे आणि तो इथल्या जागेशी एकदाही ताडून न पाहिल्यामुळे.

हे घडते कसे, ते या कामात असलेल्या सगळ्यांना माहीत आहे. ऑडिट जवळ येते. ‘ट्रेनिंग झाले का?’ असा रकाना भरायचा असतो. कोटेशन मागवले जाते आणि सर्वांत कमी दराच्या एजन्सीला काम मिळते. पैसे दिवसाच्या किंवा डोक्याच्या हिशेबाने असल्यामुळे मजकूर तयार करण्याच्या वेळेला दर नसतोच. मग आधीच्या ठिकाणची पीपीटी उघडायची, लोगो बदलायचा, नाव बदलायचे, तारीख टाकायची. ही आधीची पीपीटीही कुणाची तरी उचललेली. तिच्या मुळाशी बहुधा परदेशातल्या एखाद्या अग्निशमन दलाने किंवा विद्यापीठाने आपल्या लोकांसाठी केलेली पुस्तिका. दोन तास स्लाइड सरकतात, हजेरीपटावर सह्या होतात, फोटो निघतात, सर्टिफिकेट मिळते. फाइल पूर्ण होते. मक्षिकास्थाने मक्षिका कशी पडते हे पाहायचे असेल तर अशी एखादी पीपीटी नीट वाचावी. आगीच्या वेळी फिरवायचा नंबर 911 दिलेला, पिवळ्या अंगरख्यातला अमेरिकी जवान, आणि मध्येच कुठेतरी भलत्याच कंपनीचे नाव राहून गेलेले.

चुकीचा नंबर निदान लक्षात तरी येतो. आपल्याकडे 101 किंवा 112 लावायचा हे बहुतेकांना माहीत असते. खरा धोका असतो तो न दिसणाऱ्या चुकांत. त्यातली एक जरा जवळून पाहू.

आगीचे प्रकार अक्षरांनी ओळखतात. ए म्हणजे लाकूड, कापड, कागद अशा घन पदार्थांची आग आणि बी म्हणजे पेट्रोल, तेल अशा द्रवांची, हे बहुतेक जगात सारखे. सी हे अक्षर मात्र देशागणिक बदलते. अमेरिकेच्या पद्धतीत सी म्हणजे विजेच्या चालू उपकरणाची आग. भारतीय मानकांत आणि युरोपात सी म्हणजे गॅसची आग. विजेच्या आगीला तिथे वेगळे अक्षरच नाही, कारण वीज बंद केली की उरते ती ए किंवा बी प्रकारचीच आग. आता भंडाऱ्यातल्या एखाद्या वॉर्डात भिंतीवर टांगलेले सिलिंडर भारतीय मानकाचे आणि सिस्टरला शिकवलेली स्लाइड अमेरिकी, अशी स्थिती असेल तर तिने पाठ केलेल्या अक्षराचा अर्थ आणि समोरच्या लाल डब्यावरच्या अक्षराचा अर्थ वेगळा होतो. शिकवणाऱ्याला ते कळत नाही, शिकणाऱ्याला कळत नाही, आणि तपासायला आलेल्याला हजेरीपट दाखवला जातो.

दुसरे उदाहरण आणखी साधे आहे. ‘सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते रोज पाहा,’ असे जवळजवळ प्रत्येक पीपीटीत असते. पावडरच्या सिलिंडरला हे लागू आहे. पण विजेच्या उपकरणांजवळ बहुधा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ठेवलेला असतो आणि त्याला दाबाचा काटाच नसतो. तो भरलेला आहे की रिकामा, हे वजन करूनच कळते. त्याच्या नळीच्या टोकाला काळा भोंगा असतो. वायू सुटताना तो इतका थंड पडतो की साधा भोंगा उघड्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी होते. शिवाय लहान बंद खोलीत हा वायू सोडला की श्वास घेण्याजोगी हवा कमी होते, म्हणजे नवजात बाळांच्या खोलीत आधी काय आणि नंतर काय, याचा क्रम ठरवावाच लागतो. हे सगळे त्या डब्यासमोर उभे राहून दहा मिनिटांत शिकवता येते. त्यासाठी शिकवणाऱ्याने वॉर्डात जाऊन तिथे टांगलेला डबा कोणता आहे, एवढे मात्र पाहायला हवे.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी टाकली आहे. ते प्रमाणपत्र बसवलेली यंत्रणा सुस्थितीत असल्याचे असते. ती यंत्रणा हाताळणारी माणसे काय शिकली आहेत आणि कोणत्या मजकुरातून, हे त्या कागदावर येत नाही.

मोठ्या आणि श्रीमंत कंपन्यांकडे हे होत नसेल असा समज असेल तर 2010 सालची गोष्ट आठवावी. 20 एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात बीपी या तेल कंपनीसाठी विहीर खोदणाऱ्या ‘डीपवॉटर होरायझन’ या फलाटावर स्फोट झाला, 11 कामगार गेले आणि समुद्रात महिनोन्‌महिने तेल वाहत राहिले. तेल सांडल्यावर काय करायचे याचा जाडजूड आराखडा कंपनीने आधीच मंजूर करून घेतलेला होता. तो उघडला तेव्हा त्यात आखातातल्या संवेदनशील प्राण्यांच्या यादीत वॉलरस सापडला. वॉलरस उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रात राहतो. आखाताच्या कोमट पाण्यात तो कुणी पाहिलेला नाही. ज्या तज्ज्ञांना फोन करायचा त्यांच्यात अशा प्राध्यापकांचे नाव होते जे 2005 सालीच वारले होते. त्या जूनमध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आणखी एक गोष्ट निघाली: इतर बड्या तेल कंपन्यांचे आराखडेही जवळजवळ शब्दशः तेच होते. सल्लागार संस्था एकच, मजकूर एकच, आणि त्यांतल्या तिघांच्या आराखड्यात तोच वॉलरस.

यातली सर्वांत गंभीर बाब मला वॉलरस वाटत नाही. तो आराखडा लिहिणाऱ्याने उचलला, कंपनीने सही केली, सरकारी यंत्रणेने मंजूर केला, आणि या साखळीतल्या कुणीही तो वाचला नाही, ही आहे. उचललेला मजकूर वाचलाही जात नाही. लिहिणाऱ्याने विचार केलेला नसला की वाचणाऱ्यालाही विचार करण्याची जागा उरत नाही.

भंडारा जिल्ह्यात हा विषय रुग्णालयापुरता नाही. जवाहरनगरला आयुधनिर्माणी आहे. 24 जानेवारी 2025 रोजी तिथल्या स्फोटात 8 जण मृत्युमुखी पडले. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉइलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँडचा. जिल्हाभर पसरलेल्या राइस मिलमध्ये पट्टे, एलेव्हेटर आणि उसना तांदूळ करणाऱ्या ठिकाणी बॉयलर यांच्याजवळ हंगामी मजूर काम करतात आणि त्यांतल्या बहुतेकांना कुणी बसवून काही शिकवलेले नसते. त्यांच्यासाठी उचललेली पीपीटीसुद्धा नसते. शेजारचा जो करतो ते पाहायचे आणि करायचे, एवढेच.

या यादीतले दोन उद्योग तर असे आहेत की तिथे मजकूर उचलताच येऊ नये. स्फोटकांच्या कारखान्यात प्रत्येक इमारतीची मर्यादा ठरलेली असते: आत एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे आणि किती किलो स्फोटक. ती पाटी दाराशीच लावतात. पाच-सात शब्दांची ती पाटी हे माझ्या मते उत्तम प्रशिक्षण साहित्य आहे. ती शेजारच्या इमारतीवर लावली तर खोटी ठरते, म्हणून ती लिहिणाऱ्याला त्या इमारतीचे गणित करावेच लागते. खाणीचेही तसेच. चिखल्याची खाण भूमिगत, डोंगरी बुजुर्गची उघडी. एकीकडे छताचा आधार, हवा खेळती राहणे आणि अंधार ही चिंता. दुसरीकडे डंपरचे रस्ते, खोदलेल्या पायऱ्यांची उंची आणि सुरुंगाच्या वेळी उडणारे दगड. 1966 च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी भूमिगत आणि उघड्या खाणीतल्या कामगारांचे शिक्षण वेगवेगळे ठेवले, ते याच कारणाने.

कारखान्यांच्या बाबतीत भोपाळची वायुगळती कामी आली, असे दुःखाने म्हणावे लागते. 1984 च्या त्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कामगाराला आपल्या आरोग्याविषयी व सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा आणि प्रशिक्षण मिळण्याचा हक्क कायद्यात आला. तो हक्क प्रशिक्षणाचा होता, त्यात मजकुराच्या दर्जाविषयी शब्द नव्हता. हजेरीपट म्हणजेच प्रशिक्षण, हा अर्थ व्यवहारात तिथूनच आत शिरला.

मग मजकूर उचलणे हा गुन्हा आहे का? याचे उत्तर लोक समजतात तितके सरळ नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संरक्षण मिळते ते मांडणीला. माहितीला किंवा कल्पनेला नाही. आग विझवायला ऑक्सिजन तोडावा लागतो, हे वाक्य कुणाच्या मालकीचे नसते. अधिनियमांचा आणि राजपत्रातला मजकूर छापायला कायदाच काही अटींवर मोकळीक देतो. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या पुस्तिकेची मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाची असते. पण तिचा लेखक आपणच आहोत हे सांगण्याचा लिहिणाऱ्याचा हक्क कायदा स्वतंत्रपणे मान्य करतो. याचा अर्थ असा की कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरने खपून तयार केलेली पुस्तिका कंपनी वापरू शकते, त्याचे नाव खोडून दुसऱ्याचे घालणे मात्र योग्य ठरत नाही.

उचलेगिरी ही याहून वेगळी आणि जास्त व्यापक गोष्ट आहे. कायद्याने मोकळा असलेला मजकूरही आपला म्हणून खपवला तर ती उचलेगिरीच. विद्यापीठांत यावर आता नियम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार प्रबंधातला 10 टक्क्यांपर्यंतचा सारखेपणा सोडून दिला जातो, त्यापुढे टप्प्याटप्प्याने दंड वाढतो आणि 60 टक्क्यांच्या वर गेला तर संशोधकाची नोंदणीच रद्द होते. कपाटात जाणाऱ्या प्रबंधासाठी इतकी कडक चाळणी आणि ज्याच्या भरवशावर माणसे भट्टीजवळ, खाणीत आणि अतिदक्षता कक्षात उभी राहतात त्या मजकुराला कसलीच चाळणी नाही, हे मला पटत नाही.

मूळ स्रोताचे नाव देणे हा नुसता सभ्यतेचा भाग आहे असे आपण मानतो. कामाच्या ठिकाणी ते त्याहून जास्त आहे. स्लाइडच्या खाली ‘अमुक मानक, अमुक वर्ष’ लिहिलेले असेल तर मानक बदलल्यावर कुणीतरी ती स्लाइड बदलू शकतो. अमेरिकी पुस्तिकेचे नाव खाली असेल तर इथली एखादी चौकस सिस्टर विचारू शकते, ‘सर, हे अक्षर आपल्याकडेही याच अर्थाने आहे का?’ नाव पुसले की हा प्रश्न विचारण्याची वाटच बंद होते. चूक मूळ पुस्तिकेत दुरुस्त झाली तरी तिच्या पन्नास नकलांत ती तशीच जगत राहते, कारण त्या कुणाच्या नकला आहेत हे कुणालाच सांगता येत नाही.

घेणे वाईट नाही, हे पुन्हा सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेच्या आधी-नंतर तपासायची एक यादी जगाला दिली. एका पानाची, 19 मुद्द्यांची. तिच्या तळाशीच सांगितलेले आहे की स्थानिक पद्धतीप्रमाणे हिच्यात भर घाला, बदल करा. म्हणजे घेणाऱ्याने काय करायचे ते देणाऱ्यानेच लिहून दिले. नावासकट घ्या आणि आपल्या शस्त्रक्रियागृहात बसवून घ्या.

दुसरे उदाहरण भंडाऱ्याच्या दक्षिणेला, झाडीपट्टीतल्याच गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. 39 गावांतल्या या प्रयोगात नवजात बालमृत्यूचे प्रमाण सुमारे 62 टक्क्यांनी खाली आले आणि 1999 साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे 2011 पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींच्या कार्यक्रमाला या कामाचा आधार मिळाला. पण मला इथे सांगायचे आहे ते त्यांच्या आधीच्या एका छोट्या साधनाविषयी. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का, हे मिनिटाला किती श्वास चालतात यावरून कळते. पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते: श्वास मोजा. गावातल्या सुइणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. ‘श्वास मोजा’ ही ओळ जशीच्या तशी उतरवली असती तर प्रशिक्षण झाल्याची नोंद झाली असती आणि मुले मरत राहिली असती. त्याऐवजी मण्यांचे एक साधन केले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया. वैद्यकशास्त्र जगाचेच होते, आकडेही जगाचेच. समोरच्या बाईला काय येते आणि काय येत नाही, हे मात्र कुणीतरी तिच्याजवळ बसून पाहिले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या मुकादमांसाठी हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. 16 लाखांहून अधिक जणांना शिकवले गेले, पण त्यांना तयार पुस्तक हाती दिले नाही. प्रत्येकाने आपल्या खात्यातले एक काम निवडायचे, ते स्वतः करत करत त्याच्या पायऱ्या लिहायच्या, आणि प्रत्येक पायरीसमोर ती कुठे बिघडते किंवा कुठे इजा होते ते लिहायचे. ही दुसरी ओळ उचलता येत नाही. तुमच्या प्रेसचे पॅडल कुठे अडकते, हे दुसऱ्याच्या पुस्तकात सापडणार नाही.

दर्जाविषयी आणखी एक गोष्ट, थोडक्यात. प्रशिक्षणाच्या शेवटी जो फीडबॅक फॉर्म येतो त्यावर ‘उत्तम’, ‘चांगले’ अशा खुणा करून घेतात आणि त्यालाच मूल्यमापन म्हणतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 साली मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: शिकणाऱ्याला कसे वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वागणे बदलले का, आणि त्यातून निष्पन्न काय झाले. आपण पहिल्या पायरीवरच थांबतो. उचललेल्या मजकुराला ही पायरी फार सोयीची आहे, कारण बोलका प्रशिक्षक आणि बरे जेवण असले तर तिथे तो सहज पास होतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे सत्तर स्लाइडचा सुबक मराठी मजकूर काही मिनिटांत निघतो आणि सारखेपणा मोजणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो सापडेलच असे नाही. जागा न पाहता लिहिण्याचा दोष त्यात जसाच्या तसा राहतो.

नवजात बाळांच्या कक्षासाठी प्रामाणिक मजकूर लिहायचा तर काम कुठून सुरू करायचे, हे सांगता येते. रात्री दोन वाजता तिथे जावे. किती बाळे आहेत आणि किती हात आहेत ते मोजावे. ही बाळे चालत नाहीत, हाक मारून उठत नाहीत. एकेकाला वॉर्मरवरून, नळ्या आणि सलाइन सोडवून उचलावे लागते. एका सिस्टरला ते करायला किती वेळ लागतो, हे बाहुली घेऊन घड्याळ लावून पाहावे. काही देशांत एकाच परिचारिकेला तीन-चार बाळे नेता यावीत म्हणून खिशांचे ॲप्रन वापरतात. ते इथे उपयोगी पडतील का, हे इथल्या दाराची रुंदी आणि जिन्याची वळणे पाहून ठरवावे. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे आहे, तो बंद करायचा अधिकार रात्री कुणाला आहे, आणि बंद केल्यावर शेजारच्या कक्षातल्या कोणत्या रुग्णाचा ऑक्सिजन तुटेल? बाहेरच्या दाराला कुलूप लागते का? किल्ली कुणाकडे? दिवे गेल्यावर भिंतीला हात लावून दारापर्यंत किती पावले?

ही उत्तरे मिळाली की एक पान पुरते. त्या पानावर कुणी, कधी, कोणत्या कक्षासाठी लिहिले ते असावे, कोणत्या मानकाचा किंवा पुस्तिकेचा आधार घेतला ते असावे, आणि पुढची तपासणी कधी, तेही. कक्षातली खाट हलली किंवा नवे यंत्र आले तर ते पान रद्द समजून पुन्हा लिहावे. जिल्हा रुग्णालये ज्या निविदेने प्रशिक्षणाचे काम देतात तिच्यात ‘मजकूर तयार करण्यापूर्वी दिवसपाळीत एकदा व रात्रपाळीत एकदा प्रत्यक्ष जागेची पाहणी’ एवढी अट आणि त्या पाहणीचा वेगळा दर घालायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. ते जिल्हा पातळीवरच्या एका सहीचे काम आहे.